काखेतला कळसा : मिशिगन सरोवराकाठच्या पुळणी आणि वाळूचे डोंगर आरव्हीने कसे पाहावेत

शिकागोच्या उपनगरांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या सुट्ट्या बहुधा ठरलेल्या असतात. लांब सुट्टी मिळाली की विमानाने यलोस्टोन किंवा ग्रँड कॅन्यन, भारतातून आईवडील आले की नायगारा, आणि उरलेले शनिवार-रविवार मुलांचे वाढदिवस आणि किराणा यांत जातात. आम्हीही नऊ वर्षे हेच केले. त्या नऊ वर्षांत आय-९४ महामार्गावरून पूर्वेकडे जाताना ‘इंडियाना ड्यून्स’ ही पाटी आम्ही कितीदा वाचली असेल याची गणती नाही, परंतु तिथे वळलो एकदाही नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरे काय! हा लेख त्या पाटीपाशी वळण कसे घ्यावे याविषयी आहे, आणि तेही आरव्ही घेऊन, म्हणजे ज्यात झोपण्याची, स्वयंपाकाची आणि शौचालयाची सोय आहे असे चाकांवरचे घर घेऊन.

माझे म्हणणे एकच आहे. आरव्हीची पहिली फेरी जवळची असावी, लहान असावी, आणि पहिल्या फेरीतल्या चुका केवळ दीड तास दूर असलेल्या घराच्या भरवशावर करून घ्याव्यात. पाचशे मैलांवर पाण्याची टाकी गळू लागली तर सहल बुडते. सत्तर मैलांवर तसे झाले तर घरी येऊन वरणभात खाता येतो.

आधी सरोवराची ओळख

मिशिगन सरोवर उत्तर-दक्षिण सुमारे ३०७ मैल लांब आणि जास्तीत जास्त ११८ मैल रुंद आहे, आणि त्याची कमाल खोली ९२३ फूट आहे. ‘लेक’ या शब्दामुळे रंकाळा किंवा पवई यांचे चित्र डोळ्यांपुढे येत असेल तर ते पुसून टाकावे, कारण इथे पलीकडचा काठ दिसत नाही. या भागात वारा प्रामुख्याने पश्चिमेकडून वाहतो आणि त्यामुळे वाळू पूर्वेच्या आणि दक्षिणेच्या काठांवर साचत गेली. हिमयुगाच्या हिमनद्यांनी मागे ठेवलेली वाळू लाटांनी किनाऱ्यावर आणली, वाऱ्याने ती आत ढकलली आणि मॅरॅम गवताच्या मुळांनी धरून ठेवली. हजारो वर्षे चाललेल्या या कामातून गोड्या पाण्याच्या काठावरील वाळूच्या टेकड्यांचा जगातला सर्वांत मोठा समूह मिशिगन राज्याच्या पश्चिम किनाऱ्यावर, म्हणजे सरोवराच्या पूर्व काठावर, तयार झाला. शिकागोच्या बाजूला मात्र असे डोंगर नाहीत, म्हणून शिकागोकरांना सरोवराच्या दक्षिण टोकाला वळसा घालूनच तिथे जावे लागते.

कोकणातून आलेल्या पाहुण्यांना इथे दोन गोष्टी चमत्कारिक वाटतात. पहिली म्हणजे इथे भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच. दुसरी म्हणजे वाऱ्याला मीठ नाही. माझी आई मूळची गुहागरची. लाटा, क्षितिज आणि ओली वाळू पाहून तिने सवयीने खाली वाकून बोट पाण्यात बुडवले, जिभेला लावले आणि म्हणाली, “अगंबाई, एवढा समुद्र आणि अळणी!” त्यानंतर दोन दिवस ती भेटेल त्याला हेच सांगत होती.

भरती-ओहोटी नसली तरी सरोवराची पातळी वर्षानुवर्षे खालीवर होत असते. जानेवारी २०१३ मध्ये ती नोंदींतल्या नीचांकाला पोहोचली होती, तर २०२० मध्ये अनेक महिन्यांचे उच्चांक मोडले गेले आणि कितीतरी ठिकाणची पुळण पाण्याखाली गेली. म्हणून एखाद्या जागेचा आठ वर्षांपूर्वीचा फोटो पाहून बेत आखू नये, या उन्हाळ्यातला फोटो शोधावा.

पहिली पायरी : नकाशावरचे वर्तुळ

घर मध्यभागी ठेवून नकाशावर शंभर मैलांचे वर्तुळ काढावे आणि पहिल्या दोन फेऱ्या त्याच्या आतच ठेवाव्यात. शिकागो परिसरातून या वर्तुळात ठळकपणे तीन जागा येतात. पहिली म्हणजे इंडियाना ड्यून्स नॅशनल पार्क. १९६६ मध्ये तिला राष्ट्रीय सरोवरकिनारा म्हणून संरक्षण मिळाले आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. सुमारे १५ मैलांचा किनारा तिच्याकडे आहे. दुसरी जागा तिच्या कुशीतच, परंतु वेगळ्या मालकीची आहे, ती म्हणजे १९२५ साली स्थापन झालेले इंडियाना ड्यून्स स्टेट पार्क. तिसरी जागा राज्याची सीमा ओलांडल्यावर लागते, सॉयर गावाजवळचे वॉरन ड्यून्स स्टेट पार्क. तिथली टॉवर हिल ही टेकडी सरोवरापासून २४० फूट उंच आहे.

पहिल्या दोन जागांच्या नावांत इतके साम्य आहे की निम्मे लोक तिथेच फसतात. राष्ट्रीय उद्यानाचा वार्षिक पास, म्हणजे ‘अमेरिका द ब्यूटिफुल’, स्टेट पार्कच्या फाटकावर चालत नाही आणि स्टेट पार्कची पावती राष्ट्रीय उद्यानात चालत नाही. मिशिगनच्या उद्यानांसाठी ‘रिक्रिएशन पासपोर्ट’ हा तिसराच परवाना लागतो, आणि परराज्यातील गाडीला तो वेगळ्या दराने घ्यावा लागतो. तीन जागांसाठी तीन परवाने लागतात हे आधीच लक्षात घेऊन खर्च मांडावा.

दुसरी पायरी : आरव्हीशिवाय टेहळणी

आरव्ही भाड्याने घेण्यापूर्वी एक दिवस आपल्या साध्या गाडीने जाऊन जागा पाहून यावी. गाडीही न्यायची नसेल तर शिकागोच्या मिलेनियम स्टेशनवरून साउथ बेंडकडे जाणारी साउथ शोअर लाइनची रेल्वे आहे आणि ती ड्यून पार्क व बेव्हर्ली शोअर्स या स्थानकांवर थांबते. त्या एका दिवसात चार गोष्टी पाहाव्यात. तळाची, म्हणजे आरव्ही उभी करून मुक्काम करण्याच्या कँपग्राउंडची, जागा पुळणीपासून किती अंतरावर आहे, वाट सावलीची आहे की उघडी, तळावरच्या ठरावीक क्रमांकांच्या जागा सपाट आहेत की उताराच्या, आणि पुळणीच्या वाहनतळावर आरव्ही मावते की नाही. चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे, कारण जुलैतल्या शनिवारी हे वाहनतळ सकाळीच भरतात आणि पंचवीस-तीस फुटांचे वाहन घेऊन तिथे घिरट्या घालणे ही शिक्षा आहे. जिथून पुळणीपर्यंत चालत किंवा सायकलने जाता येईल असाच तळ निवडावा, म्हणजे आरव्ही एकदा उभी केली की परतीपर्यंत हलवावी लागत नाही.

या कसोटीवर इंडियाना ड्यून्स स्टेट पार्कचा तळ उजवा ठरतो. तिथे प्रत्येक जागेवर वीज आहे आणि पायवाटेने पुळण गाठता येते. राष्ट्रीय उद्यानाच्या ड्यूनवूड तळावर ६६ जागा आहेत आणि तो १ एप्रिल ते ३१ ऑक्टोबर उघडा असतो, परंतु तिथे विजेची जोडणी नाही आणि पुळण दीडेक मैलावर आहे. स्वच्छतागृहे, शॉवर आणि टाक्या रिकाम्या करण्याची सोय आहे. झाडी दाट आहे आणि रात्री शांत असते. मे किंवा सप्टेंबरमध्ये, एसीची गरज नसताना, ड्यूनवूड मला अधिक आवडतो. जुलैत, आईवडील सोबत असताना, मी तिथे जाणार नाही.

तिसरी पायरी : आरक्षण

तिन्ही ठिकाणची आरक्षणे साधारण सहा महिने आधी उघडतात. जुलैतल्या शनिवारसाठी जानेवारीत, बाहेर बर्फ पडत असताना, संगणकापुढे बसावे लागते. मिशिगनच्या उद्यानांचे आरक्षण तिथल्या वेळेप्रमाणे सकाळीच उघडते आणि तिथले घड्याळ शिकागोच्या एक तास पुढे असते. हा एक तास विसरल्यामुळे एका वर्षी आम्ही मिशिगनमधल्या लडिंग्टन स्टेट पार्कची मनाजोगती जागा गमावली. प्रवासातही हा फरक लक्षात ठेवावा, कारण इंडियानाचा हा कोपरा शिकागोच्या वेळेवर चालतो आणि मिशिगनची सीमा ओलांडताच घड्याळ तासभर पुढे जाते. तळावर पोहोचण्याची वेळ, रेंजरचा, म्हणजे उद्यानरक्षकाचा, कार्यक्रम, सूर्यास्त, सगळेच त्यामुळे सरकते.

शनिवारचा हट्ट नसेल तर रविवार ते गुरुवार जागा तुलनेने सहज मिळते. माझ्या मते उत्तम काळ म्हणजे सप्टेंबरचे पहिले तीन आठवडे. शाळा सुरू झालेल्या असतात, गर्दी ओसरलेली असते आणि उन्हाळाभर तापलेले पाणी अजून पुरते निवलेले नसते. जूनच्या प्रारंभी हवा गरम असली तरी पाणी हाडे गोठवणारे असते, हे अनेकांना तिथे उतरल्यावरच कळते.

चौथी पायरी : आरव्हीची निवड आणि ताबा

पहिल्यांदा जाणाऱ्या चौघांच्या कुटुंबासाठी सी-क्लास, म्हणजे चालकाच्या डोक्यावर पलंग असलेली २२ ते २५ फुटांची गाडी पुरते. मागे ओढायचा ट्रेलर स्वस्त पडतो, पण त्यासाठी सक्षम गाडी आणि मागे घेण्याचा सराव हवा. इलिनॉयच्या साध्या डी-क्लास लायसन्सवर १६,००० पौंडांपर्यंतचे वाहन चालवता येते आणि या मापाच्या गाड्या त्यात बसतात. आपल्या मोटारीचा विमा भाड्याच्या आरव्हीला लागू होईल असे गृहीत धरू नये, लेखी विचारून घ्यावे. भाड्यात रोजचे मैल आणि जनरेटरचे तास किती धरले आहेत हेही तिथेच पाहून घ्यावे.

ताबा घेताना घाई करू नये. मालक भराभर बटणे दाखवत जातो आणि आपण मान डोलावत राहतो. त्याऐवजी त्याचे संपूर्ण दाखवणे फोनवर चित्रित करून ठेवावे, आणि नंतर त्याच्यासमोर फ्रिज, एसी, पाण्याचा पंप, गीझर आणि शेगडी आपल्या हाताने एकेकदा चालवून पाहावी. सांडपाण्याचा पाइप बाहेर काढून त्याला भोक नाही ना, हे पाहावे. एका फेरीत आम्ही ते पाहिले नाही आणि त्याची किंमत आम्हाला शेवटच्या दिवशी मोजावी लागली. त्याचे वर्णन जेवताना वाचणाऱ्यांसाठी नको.

पाचवी पायरी : रस्ता आणि थांबणे

गाडीची एकूण उंची एका कागदावर ठळक लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवावी. शिकागो शहरात रेल्वेपुलांखालचे रस्ते बसके आहेत आणि फोनचा नेहमीचा नकाशा मोटारीसाठीच वाट दाखवतो, तेव्हा शहरात न शिरता बाहेरून आय-८० व आय-९४ मार्गे जावे. वळताना गाडीचा मागचा भाग वळणाच्या उलट दिशेला बाहेर फेकला जातो. पेट्रोलपंपावरच्या खांबांना आरव्ही घासतात त्या बहुधा याच कारणाने. निघण्यापूर्वी टायरची हवा मोजावी, गॅसचा मुख्य नळ बंद करावा, आणि पाण्याची टाकी पूर्ण भरू नये. एक गॅलन पाणी सव्वाआठ पौंडांहून अधिक भरते, त्यामुळे चाळीस गॅलन म्हणजे विनाकारण वाहून नेलेले सव्वातीनशे पौंडांहून अधिक ओझे. दहा गॅलन पुरतात आणि उरलेले तळावर भरता येतात.

तळावर पोहोचल्यावर क्रम असा ठेवावा. एकाने खाली उतरून मागे उभे राहावे, आरशात दिसेल अशा जागी, आणि हातांच्या खुणा आधीच ठरलेल्या असाव्यात. नवराबायकोंचे भांडण होण्याची ही हमखास जागा आहे. गाडी जागेवर आली की सपाटी तपासून चाकांखाली ठोकळे द्यावेत, मग चाकांना अडसर लावावेत, आणि त्यानंतरच वीज जोडावी. वीज जोडताना तळाच्या खांबावरचा खटका बंद ठेवून प्लग लावावा आणि मग चालू करावा, आणि मध्ये विजेच्या अचानक उसळीपासून वाचवणारा सर्ज प्रोटेक्टर असू द्यावा. डांबर किंवा खडी सोडून गाडीचे एकही चाक वाळूवर नेऊ नये. वरून घट्ट दिसणारी वाळू पाच-सहा टनांच्या वजनाखाली बसते आणि ओढून काढणाऱ्या गाडीचे बिल सहलीच्या भाड्याशी स्पर्धा करते.

सहावी पायरी : वीज, पाणी आणि मराठी स्वयंपाक

इंग्रजी पुस्तिकांत हा भाग सापडत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. तीस अँपिअरच्या जोडणीवर एकूण सुमारे ३,६०० वॅट मिळतात. छतावरचा एसी साधारण दीड हजार वॅट खातो, इंडक्शनची शेगडी पूर्ण आचेवर अठराशे खाते. गीझर विजेवर चालत असेल तर तो आणखी चौदाशे. म्हणजे एसी चालू ठेवून इंडक्शनवर कुकर लावला आणि कोणी आंघोळीला गेले की तिसऱ्या शिट्टीच्या आधीच सगळे गुडुप होते. आमच्याकडे पहिल्या रात्री असेच झाले आणि डाळ कच्ची राहिली. उपाय सोपा आहे. गीझर गॅसवर ठेवावा, कुकर गॅसच्या शेगडीवर लावावा, आणि विजेवर चालणाऱ्या मोठ्या वस्तू एका वेळी दोनपेक्षा अधिक चालवू नयेत.

फोडणी मात्र आत देऊ नये. मोहरी तडतडून हिंग-मिरचीचा खाट उठला की धुराचा गजर सुरू होतो, आणि इतक्या लहान जागेत तो वास गादीत, पडद्यांत आणि भाड्याच्या अनामत रकमेत शिरतो. बाहेरच्या टेबलावर लहान शेगडी ठेवून फोडणी द्यावी आणि तीच भांड्यात ओतून आत आणावी. पोह्यांपासून पिठल्यापर्यंत सगळे बाहेर होऊ शकते. आम्ही घरूनच मेतकूट, भाजणी, थालीपिठाचे पीठ आणि दोन दिवसांच्या दशम्या नेतो.

खरकटे पाणी हा दुसरा विषय. सिंकमधले पाणी ज्या ग्रे टँकमध्ये जाते ती टाकी लहान असते आणि भाताची शिते, तेल व डाळीचा गाळ तिच्यात तीन दिवस राहिला की उन्हात तिचा वास साऱ्या तळाला कळतो. ताटे आधी कागदाने पुसून घ्यावीत, तेल डब्यात साठवून कचऱ्यात टाकावे आणि मगच भांडी धुवावीत. शौचालयाच्या ब्लॅक टँकच्या बाबतीत आपली सवय कामाला येते. या टाकीला कागदापेक्षा पाणी अधिक मानवते, त्यामुळे तांब्या किंवा हातातला फवारा वापरणाऱ्यांच्या घरी ती तुंबत नाही. ती लवकर भरते एवढेच, म्हणून दोन दिवसांनी तिचा दर्शक पाहावा, आणि शक्य असेल तेव्हा तळाचे स्वच्छतागृह वापरावे.

रात्री बाहेर काहीही खाण्याचे ठेवू नये. रॅकून झाकणे उघडतात. आमचा अर्धा किलो गूळ त्यांनी कागदासकट नेला. शेकोटीचे लाकूडही घरून नेऊ नये, तळावरच विकत घ्यावे. २००२ मध्ये डेट्रॉइटजवळ सापडलेली एमराल्ड ॲश बोरर हा भुंगेरा अशाच वाहून नेलेल्या जळणातून पसरला आणि त्याच्या अळ्यांनी कोट्यवधी ॲश झाडे मारली.

सातवी पायरी : वाळूवर

सकाळी दहाच्या आत टेकडी चढावी. दुपारी वाळू इतकी तापते की चपला हातात घेऊन निघालेली मुले मध्यावर उभी राहून रडू लागतात. इंडियाना ड्यून्स स्टेट पार्कमध्ये माउंट जॅक्सन १७६ फूट, माउंट होल्डन १८४ फूट आणि माउंट टॉम १९२ फूट अशा तीन टेकड्या एकाच दीड मैलाच्या वाटेवर आहेत. आकडे वाचून हसू नये. सैल वाळूत दोन पावले पुढे टाकली की एक मागे सरकते, आणि तिन्ही मिळून चढण ५५२ फुटांची होते. सह्याद्रीत किल्ले चढलेल्या माझ्या भावाने “हे काय टेकाड!” म्हणत प्रारंभ केला आणि होल्डनच्या पायऱ्यांवर तो पाणी मागत बसला होता.

ठरलेली वाट सोडू नये, आणि त्याची दोन ठोस कारणे आहेत. एक म्हणजे मॅरॅम गवत. त्याची मुळे वाळूला बांधून ठेवतात, आणि तेच ते पायाखाली तुडवले गेले की वाळू सुटते. मिशिगनमधल्या सॅगाटकजवळ एकोणिसाव्या शतकात सिंगापूर नावाचे लाकूडतोडीचे गाव होते. १८७१ च्या आगींनंतर शिकागो आणि इतर गावे पुन्हा उभारण्यासाठी तिथली झाडे कापली गेली, उघडी पडलेली वाळू वाऱ्यावर चालू लागली आणि काही वर्षांत तिने गाव गिळले. दुसरे कारण इंडियानातल्या मिशिगन सिटी या गावाजवळच्या माउंट बाल्डी या १२६ फुटी टेकडीवर दिसते. ही टेकडी दरवर्षी काही फूट आत सरकते आणि वाटेतल्या ओक झाडांना गाडत जाते. आतले लाकूड कुजले की वाळूत पोकळ नळी उरते. जुलै २०१३ मध्ये सहा वर्षांचा एक मुलगा अशाच पोकळीत पडला आणि तीन तासांहून अधिक काळानंतर सुखरूप बाहेर काढला गेला. तेव्हापासून त्या टेकडीवर रेंजरबरोबरच जाता येते.

माउंट बाल्डीच्या शेजारीच, त्याच गावात, एके काळी सुमारे २०० फूट उंचीचा हूझिअर स्लाइड नावाचा डोंगर होता. त्याची वाळू काचेच्या कारखान्यांना, त्यांत बॉल बरण्यांच्या कारखान्यालाही, विकली गेली आणि १९२० च्या सुमारास तो डोंगर संपला. लोणच्यासाठी आपण इथे ज्या बरण्या विकत घेतो त्यांच्या नावामागे एक आख्खी टेकडी आहे, हे मला तिथली माहितीपाटी वाचेपर्यंत ठाऊक नव्हते.

झुडपांत तीन-तीन पानांचे झुपके दिसले तर हात लावू नये, ते अंगाला खाज सुटवणारे पॉइझन आयव्ही असू शकते. दक्षिणेकडून वारा सुटला की किनाऱ्यावर घोट्यांना चावणाऱ्या माश्या येतात आणि त्यांच्यापुढे डासांचे मलम फारसे चालत नाही. त्या दिवशी सरळ जंगलातली वाट धरावी.

आठवी पायरी : पाण्यात

या सरोवराला तळे समजणे महागात पडते. समुद्राच्या मानाने इथल्या लाटा एकामागून एक फार कमी अंतराने येतात, त्यामुळे पडलेल्या माणसाला उठून श्वास घ्यायला उसंत मिळत नाही. वारा जोराचा असला की पाण्याचे प्रवाह काठापासून आत ओढतात, आणि बंदराच्या धक्क्यांच्या कडेने ही ओढ कायमचीच धोक्याची असते. म्हणून धक्क्याजवळ पोहू नये आणि लाटा उसळत असताना दीपस्तंभापर्यंत चालत जाऊ नये. मिशिगनच्या स्टेट पार्कच्या पुळणींवर बहुधा जीवरक्षक नसतात, फक्त झेंडे असतात. हिरवा असेल तर ठीक, पिवळा असेल तर सावध, लाल असेल तर पाण्यात उतरू नये, आणि दोन लाल झेंडे म्हणजे पाण्यात जाण्यास बंदी. सकाळी निघण्यापूर्वी नॅशनल वेदर सर्व्हिसचा किनाऱ्याविषयीचा इशारा पाहावा.

अशा प्रवाहात सापडल्यास काठाकडे सरळ पोहण्याची झटापट करू नये. पाठीवर उलटून तरंगावे, दम धरावा, प्रवाह कुठे नेतो ते पाहून त्याला आडवे, काठाला समांतर पोहत बाहेर पडावे. मुलांना हे घरीच, पाण्यात उतरण्यापूर्वी, जमिनीवर आडवे करून शिकवावे. आणखी एक गोष्ट, पाण्याचे तापमान एका रात्रीत कोसळू शकते. वारा वरचे गरम पाणी काठापासून दूर लोटतो आणि तळाचे थंड पाणी वर येते. काल मुले तासभर डुंबली म्हणून आजही डुंबतील असे नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या फेरीनंतर : उत्तरेकडे

वर्तुळातल्या जागा हाताखालून गेल्या, टाक्या आणि खटके यांची भीती मोडली, की मग आठवड्याची सुट्टी घेऊन आय-१९६ आणि पुढे यूएस-३१ ने उत्तरेला जावे. वाटेत हॉलंड स्टेट पार्कसमोर लाल रंगाचा ‘बिग रेड’ दीपस्तंभ आहे. मस्कीगनजवळ हॉफमास्टर स्टेट पार्कमध्ये वाळूच्या टेकड्या कशा घडतात हे समजावणारे जिलेट केंद्र आहे, आणि मुलांना ते पुढच्या प्रवासाआधी दाखवावे. लडिंग्टन स्टेट पार्क, शिकागोपासून सुमारे अडीचशे मैल, एका बाजूला हॅमलिन सरोवर आणि दुसऱ्या बाजूला मिशिगन सरोवर अशा पट्टीवर वसलेले आहे. लाटांची भीती वाटणाऱ्यांना हॅमलिनचे शांत, उबदार पाणी मिळते. १८६७ चा बिग सेबल पॉइंट दीपस्तंभ ११२ फूट उंच आहे आणि कँपग्राउंडपासून त्या दीपस्तंभापर्यंत बहुधा चालत जावे लागते.

त्याच्याही पुढे स्लीपिंग बेअर ड्यून्स. १९७० मध्ये संरक्षित झालेल्या या किनाऱ्याचे नाव इथल्या अनिशिनाबे लोकांच्या कथेवरून आले आहे. वणव्यातून सुटण्यासाठी पोहत निघालेली अस्वलीण काठाला लागली, तिची दोन पिल्ले मागे बुडाली, त्यांची दोन मॅनिटू बेटे झाली, आणि काठावर त्यांची वाट पाहणारी आई वाळूखाली निजली. प्लॅट रिव्हर तळावर विजेच्या जागा आहेत, डी. एच. डे तळावर नाहीत. ‘ड्यून क्लाइंब’ या प्रसिद्ध चढावाबद्दल एक इशारा द्यायला हवा. पहिल्या माथ्यावर पोहोचल्यावर मिशिगन सरोवर दिसत नाही. ते गाठून परत येण्याची वाट साडेतीन मैलांची आणि तीन-चार तासांची आहे, सावली नाही, पाणी नाही. पिअर्स स्टॉकिंग या ७.४ मैलांच्या रस्त्यावरून सरोवराचे दर्शन सहज होते, पण तिथल्या ४५० फुटी कड्यावरून धावत खाली जाण्याचा मोह आवरावा. खाली जायला काही मिनिटे लागतात, वर यायला तास लागतात, आणि दर उन्हाळ्यात दमून अडकलेल्यांना वर काढावे लागते.

या किनाऱ्यावर दोरीने वेढलेले पट्टे दिसतील. पायपिंग प्लव्हर या लहानशा, धोक्यात आलेल्या पक्ष्याची ती घरट्यांची जागा असते, तेव्हा कुत्र्याला घेऊन तिकडे जाऊ नये. पेटोस्की दगड, म्हणजे षट्कोनी नक्षीचे ३५ कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचे प्रवाळ, पाण्यात भिजले की सुंदर दिसतात. पण राष्ट्रीय किनाऱ्यावरून एकही दगड उचलता येत नाही. त्यासाठी बाहेरची सार्वजनिक पुळण गाठावी.

सूर्यास्त पाण्यात होतो आणि जूनच्या अखेरीस तो रात्री साडेनऊच्या आसपास असतो. म्हणून रात्रीचे जेवण आधी उरकावे आणि मग खुर्च्या घेऊन जावे. उलटे केले तर अंधारात पोळ्या लाटाव्या लागतात.

परतीचा दिवस

टाक्या रिकाम्या करताना हातमोजे घालावेत, आधी ब्लॅक टँक सोडावी आणि नंतर ग्रे, म्हणजे साबणाचे पाणी पाइप धुऊन काढते. पिण्याच्या पाण्याची नळी या कामाला कधीही लावू नये आणि एका पेटीत दोन्ही ठेवू नयेत.

वाळू बाहेरच अडवावी. दाराशी पाण्याचे घमेले आणि त्यापुढे पायपुसणे ठेवावे, आणि ओल्या पायांना चिकटलेली वाळू बेबी पावडर चोळून झाडावी. शॉवरमध्ये वाळू धुतली तर ती ग्रे टँकच्या तळाशी बसते. स्लाइड-आउट, म्हणजे गाडीचा बाजूला बाहेर सरकणारा भाग, आत घेण्यापूर्वी त्याच्या रबरी कडा मऊ ब्रशने झाडाव्यात, नाहीतर वाळूचे कण त्या रबराला कानशीसारखे घासतात. बाहेरचे कापडी छत ओले असेल तर घरी आल्यावर पुन्हा उघडून वाळवावे. गाडी परत देण्याची वेळ दुपारची असेल तर तळावरून सकाळी आठलाच निघावे, कारण रविवारी शिकागोकडे येणारा आय-९४ आणि आय-८० चा सामायिक पट्टा दुपारनंतर तुंबतो, आणि डिझेल किंवा पेट्रोल भरून देण्यासाठी उंच छताचा पंपही शोधावा लागतो.